बेपत्ता अर्जुनाचं पुढचं आयुष्य

अर्जुना बिराप्पा मेटकरी हा माणूस एप्रिल १९४४ मध्ये बेपत्ता झाला. तोवरच्या त्याच्या तेवीस वर्षांत सांगण्यासारखं थोडंच आहे, ते आधी सांगून टाकतो. खरा खटाटोप त्यानंतरचा.

विट्याच्या पूर्वेला कुसळांच्या माळावर धनगरांची पंधरा-वीस घरं होती. दिवाळी झाली की वस्तीवरचे पुरुष मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागत आणि मृगाच्या तोंडाला परत येत. त्यामुळे नवरा घरी नसणं ही तिथं तक्रार करण्याजोगी गोष्ट नव्हती. उलट भर हिवाळ्यात एखादा पुरुष ओट्यावर बसलेला दिसला, तर लोक थांबून विचारत, काय दुखतंय?

बिराप्पानं एकुलत्या एका पोराला शाळेत घातलं ते विद्येच्या प्रेमापोटी नव्हे. शेतात मेंढरं बसवायचे करार बागायतदार मंडळी कागदावर करू लागली होती, आणि अंगठा उठवून घरी येताना बिराप्पाला दर वेळी वाटे, आपण नेमका कशावर उठवला? म्हणून पोरगा साताऱ्याला एका वसतिगृहात गेला, इंग्रजी पाचवीपर्यंत पोचला आणि सुट्टीत येऊन बापाला कागद वाचून दाखवू लागला. वाचून दाखवल्यावरही करार तेच राहिले. फक्त आता बिराप्पा समजून-उमजून फसू लागला.

१९४२ साली अर्जुना भरती झाला. साताऱ्याच्या भरतीच्या तळावर डोळे तपासायला अक्षरांचा तक्ता लावला होता. अर्जुनानं सगळ्यांत खालची ओळ वाचली, आणि तक्त्याच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव बारीक छापलं होतं तेही वाचलं. गोरा साहेब खुर्चीतून उठला, तक्त्याला नाक लावून त्यानं खात्री करून घेतली, आणि हा पोरगा पायदळात वाया जाईल असं ठरवलं. अर्ध्या कोसावरून मेंढराच्या अंगावरची गोचीड ओळखणारे डोळे विमानदळाला मिळाले.

त्याला गनर केलं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर झेपावून बॉम्ब टाकणारी विमानं होती, त्यांत माणसं दोनच. पुढं वैमानिक, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून, शेपटीकडं तोंड करून, बंदूक धरून बसलेला गनर. आपण कुठं चाललोय हे गनरला दिसत नसे. कुठून आलो एवढं मात्र स्वच्छ दिसे. विमान सरळ खाली झेपावलं की तो जमिनीकडं पाठ करून, आभाळाकडं बघत खाली जाई. घरच्या पत्रात त्यानं हे असं लिहिलं: ‘येथे माझे काम मागे बघण्याचे आहे. आपल्याकडच्यासारखेच. लांडगा मागूनच येतो.’

हे पत्र वस्तीवर बाळासोनं वाचून दाखवलं. बाळासो खालच्या गावात किराणा दुकान चालवी आणि त्याच गल्ल्यामागं बसून पोस्टाचं काम बघे. पत्र ऐकून अर्जुनाची आई सुलाबाई म्हणाली, “म्हंजे माझं पोरगं उलटं बसून जातंय? आन् पुढं कोण बघतंय?”

“पुढं पंजाबी हाय, मावशे.”

“त्यो कुणाचा कोण!” सुलाबाई म्हणाली.

भरतीच्या आधी दोन महिने अर्जुनाचं लग्न झालं होतं. बायको बनुबाई, तेव्हा सोळाची. लग्नानंतर अर्जुना घरी राहिला ते सगळे दिवस एका सुगीत मावले असते. बनुबाईला पुढं कधी कोणी विचारलं, कसा होता गं, तर तिला धड सांगता येत नसे. माणूस लाजरा होता, भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खायचा, आणि झोपेत इंग्रजी आकडे मोजायचा. नवऱ्याविषयी तिच्याजवळ ही एवढी माहिती होती. पुढची पाच वर्षं तिनं या माहितीवर संसार केला.

एप्रिल १९४४ मध्ये सहा विमानं डोंगरापलीकडं गेली आणि पाच परतली. ढग फार होते. सहाव्याचं काय झालं हे पाचांपैकी कोणी पाहिलं नाही. मागं बघायचं काम त्या सहाव्यातल्या माणसाकडं होतं.

तार आली तेव्हा बाळासो ती खिशात घालून तासभर दुकानातच बसला. मग चढ चढून वस्तीवर आला. अर्जुना भरती झाल्यापासून बिराप्पा बरीचशी मेंढरं भावकीबरोबर कोकणात धाडी आणि थोडी ठेवून स्वतः घरी राही; त्यांची लोकर कातरत होता.

“काका, अर्जुनाची तार हाय. गावंना झालाय म्हंत्यात.”

बिराप्पानं कातर खाली ठेवली. “मेला न्हाई न्हवं?”

“तसं लिवल्यालं न्हाई. गावंना, एवढंच.”

“मंग गावंल की,” बिराप्पा म्हणाला आणि त्यानं कातर उचलली.

यात निर्दयपणा नव्हता की वेडेपणाही नव्हता. तो धंद्याचा नियम होता. बिराप्पाच्या कळपात त्याची स्वतःची मेंढरं कमी आणि लोकांनी राखायला दिलेली जास्त. प्रत्येक मालकाची खूण मेंढराच्या कानावर कापलेली असे. कोणाचा एक खाप, कोणाचे दोन, कोणाचं भोक. वाटेत एखादं मेंढरू मेलं तर धनगरानं तो खुणेचा कान कापून, वाळवून, गाठोड्यात बांधून आणायचा आणि मालकाच्या पुढ्यात ठेवायचा. कान दाखवला की मेंढरू मेलं. कान नाही, तर मेंढरू जिवंत आहे. कुठं आहे ते तुझं तू बघ. या नियमानं बिराप्पाची चाळीस वर्षं गेली होती. त्यानं शेकडो कान दाखवले होते आणि एकदाही खोटा दाखवला नव्हता. आता सरकारनं त्याचं पोरगं राखायला नेलं होतं. सरकारनं कान दाखवावा, असं त्याचं म्हणणं होतं.

सरकारनं पेटी पाठवली. अर्जुना बेपत्ता झाल्यावर चार महिन्यांनी ती विट्याच्या पोस्टात येऊन पडली. आत दोन शर्ट, दाढीचं सामान, एक घोंगडं आणि अंगावर विमानातले पट्टे आवळलेला, ओळखू न येणारा अर्जुनाचा फोटो. बिराप्पानं एकेक वस्तू वास घेऊन पाहिली आणि पेटी बंद केली.

“हे त्यो तळावर ठिवून गेला हुता. अंगावरचं न्हाई हे. कापड ठिवून गेला म्हंजे परत येणार हुता.”

तर्क बिनतोड होता. मुश्कील एवढीच, की त्यात बनुबाई अडकली होती.

तिच्या जातीत बाईला दुसरा घरोबा करायला मनाई नव्हती. पाट लावता येई. वाटा दोन होत्या. नवऱ्यानं सोडचिठ्ठी द्यायची, किंवा नवऱ्यानं मरायचं. पहिलीसाठी नवरा हजर हवा होता आणि दुसरीसाठी कान. अर्जुनाकडून दोन्ही होईना. बनुबाई अठरा वर्षांची, ना नांदणारी, ना टाकलेली, ना विधवा.

सुलाबाईनं तोवर एक नेम सुरू केला होता. सकाळची पहिली भाकरी अर्जुनाच्या ताटात वाढायची. ताट झाकून दिवसभर कोनाड्यात. दिवस मावळताना बनुबाईनं ते काढून त्यातलं खायचं. बाईनं नवऱ्याचं उष्टं खावं हा रिवाज जुनाच होता. सुलाबाईनं त्यातून नवरा तेवढा वगळला होता. उन्हाळ्यात ताटातलं कोरड्यास, म्हणजे कालवण, आंबून जाई. बनुबाईनं तोंड वाकडं केलं तर सुलाबाई म्हणे, “माझ्या लेकाचं ताट हाय त्ये. नाक मुरडतीस?”

१९४५ च्या संक्रांतीनंतर बनुबाईचे आईवडील आले. कवठ्याकडचा नाथाजी म्हणून एक बिजवर होता. बायको बाळंतपणात गेलेली, स्वतःची मेंढरं, स्वभावानं गरीब. त्यानं बनुबाईला बिरोबाच्या जत्रेत अडलेली मेंढी सोडवताना पाहिलं होतं आणि तो तिच्यापेक्षा तिच्या हातांवर खूश झाला होता. त्यानं विचारणा केली होती. बनुबाईनं आईजवळ हो म्हणून टाकलं होतं. व्याही समोर बसले. बनुबाईच्या बापानं गूळ पुढं केला आणि आडून आडून विषय काढला.

बिराप्पानं गूळ घेतला नाही. “माझी सून काय हरवल्याली हाय? ती हितं हाय. हरवलाय त्यो माझा लेक. त्यो गावला की त्येला इचारा.”

“आवं, पर पोरीचं वय—”

“वय माझ्या लेकाचं बी वाढतंयच की,” बिराप्पा म्हणाला.

हे म्हणताना त्याचा आवाज फुटला, असं बनुबाईचा बाप सांगे. पण त्यानं काही फरक पडला नाही. मंडळी गूळ घेऊन परत गेली.

त्या उन्हाळ्यात रंगून पडलं आणि जपान्यांच्या कैदेतून माणसं सुटल्याच्या बातम्या आल्या. बिराप्पा आठवड्यातून दोनदा बाळासोच्या दुकानात येऊन उभा राही, काही न घेता परत जाई. बनुबाईही बातमीची वाट बघत होती. दोघांना ज्या बातम्या हव्या होत्या, त्या एकाच पाकिटातून येणार होत्या, म्हणून बाळासो आला की दोघंही सारखीच धावत.

जूनमध्ये मात्र बाळासोऐवजी मानसिंग आला. हा रहिमतपूरचा, ऊसवाल्या घरातला. अर्जुनाच्याच तळावर विमानं उड्डाणासाठी सज्ज करायच्या, बॉम्ब बांधायच्या कामावर होता. रजेवर आला होता. सर्व्हिस मोटारीनं विट्याला उतरून तो पुढं चालत आला, कारण मित्राच्या घरी जाऊन येणं त्याला कर्तव्य वाटलं. मानसिंग हा कर्तव्याला जागणारा माणूस होता. त्याच्यामुळं झालेलं सगळं नुकसान या गुणातून झालं.

“तात्या, मी त्याचा पट्टा स्वतः आवळला. काच पुसली. हात केला त्यानं. मग दिसला न्हाई,” मानसिंग म्हणाला.

“मेल्याला बघितलासा?”

“न्हाई.”

“मंग जेवून जावा पाव्हणं,” बिराप्पा म्हणाला.

जेवून मानसिंग निघाला तेव्हा ओढ्याच्या उताराला बनुबाई पाण्याची घागर घेऊन उभी होती. घागर रिकामी होती. तिनं पदराची गाठ सोडून एक सोन्याची बाळी त्याच्यापुढं धरली. अर्जुनाच्या कानातली. शेवटच्या रजेत त्यानं ती तिला काढून दिली होती. विमानात कानावर ऐकायचं यंत्र घालतात, बाळी रुतते म्हणाला. सासू-सासऱ्यांना सांगू नकोस, कान मोकळा केलेला त्यांना आवडणार नाही, असंही म्हणाला होता. तिनं सांगितलं नव्हतं.

“दादा, ही घिऊन माघारी जावा. म्हणा, त्येच्या अंगावर गावली.”

“खोटं बोलू?”

“व्हय.”

“वहिनी, मी जे बघितलं न्हाई ते सांगणार न्हाई. तो यायचा झाला तर?”

“तुमी सांगा. यील?”

ढगात शिरलेल्या विमानाचं काय होतं, हे मानसिंगला नेमकं माहीत होतं.

“मनात येकच हाय, तर तोंडानं बोलाया काय झालं?”

“पाप लागंल.”

“इमानाला बाँब बांधत हुतासा न्हवं? तवा लागलं न्हाई. एका बाळीनं लागतंय?”

मानसिंग बाळी घेऊन चढ चढला.

बिराप्पानं त्याची उलटतपासणी घेतली. कुठं गावली? जंगलात. कुणाला? पायदळाच्या लोकांना. मग आधी का नाही बोललात? धीर झाला नाही, तात्या. हे शेवटचं उत्तर खरं होतं, म्हणून ते पटलं. बिराप्पानं बाळी उजेडात फिरवली. कडेला चेपलेली जागा होती. तीन वर्षांच्या अर्जुनाच्या कानात घालताना त्यानंच दातानं दाबली होती. त्यानं ती जागा अंगठ्यानं चाचपली. मग घरात तोंड करून म्हणाला, “सुले, कान आला.”

पुढचे विधी रीतीनं झाले. देह नव्हता, म्हणून पळसाच्या पानांचा माणूस केला. डोक्याच्या जागी नारळ, नारळाला बाळी बांधली. बिराप्पानं त्याला अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी राखेतून बाळी वेचून सुलाबाईनं जवळ ठेवली. बनुबाईचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. बांगड्या फोडायची वेळ आली तेव्हा तिनं हात जरा लवकर पुढं केले, असं बायकांनी नंतर सांगितलं. बायकांची नजर अशा वेळी फार शाबूत असते.

कोनाड्यातलं ताट बंद झालं. बनुबाईनं पहिल्यांदा चुलीवरून उतरलेली भाकरी खाल्ली. बिराप्पा त्या दिवसांत तिच्याशी मऊ वागला. एकदा म्हणाला, “पोरी, तुझं वय हाय. मी आडवा येणार न्हाई.” तो शब्दाला जागला. पंच बिरोबाच्या देवळापुढं बसले, पाटाला रुकार दिला. दिवाळीनंतर दिवस धरायचं ठरलं. नाथाजीनं बनुबाईसाठी एक लुगडं आणून तिच्या आईकडं ठेवलं. हिरवं होतं.

दिवाळीच्या आधी आठ दिवस सरकारचा लिफाफा आला. तो निघाला होता तीन महिन्यांपूर्वी. कुठं कुठं फिरला होता, त्याचे शिक्के वर होते. बाळासोला इंग्रजी पुरं पडेना, म्हणून त्यानं विट्याच्या वकिलाकडून मराठी करून आणलं. इथं आणखी एक कर्तव्यदक्ष माणूस आडवा आला. एखाद्यानं ‘मेला म्हणून लिवलंय’ एवढं सांगून विषय मिटवला असता. बाळासोनं अक्षर न् अक्षर वाचलं.

“‘कसून शोध घेऊनही विमानाचा, त्यातील इसमांच्या देहांचा अथवा त्यांच्या अंगावरील कोणत्याही वस्तूचा आजपावेतो पत्ता लागलेला नाही. सबब, सदर इसम मृत्यू पावला असे गृहीत धरण्यात येत आहे.’”

“परत वाच,” बिराप्पा म्हणाला.

बाळासोनं परत वाचलं.

“कोणत्याही वस्तूचा?”

“कोणत्याही.”

बनुबाई मेंढरांच्या वाड्यात होती. तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता. सरकारनं अखेर तिचा नवरा मेल्याचं लिहून दिलं होतं. ज्या कागदासाठी ती दीड वर्ष धावत होती तो आला होता, आणि त्यानं अर्जुनाला जिवंत केलं.

बिराप्पा दुसऱ्या दिवशी चालत निघाला तो रहिमतपुरात पोचूनच थांबला. मानसिंग नोकरीतून सुटून घरी आला होता. सोप्यात बसला होता. बिराप्पानं कमरेच्या पिशवीतून बिरोबाचा भंडारा काढला, ती पिवळी चिमूट मानसिंगच्या तळव्यावर ठेवली आणि त्याची मूठ मिटली.

“हातात देव हाय. आता सांगा, बाळी कुठं गावली?”

मानसिंग मराठा होता, बिरोबा त्याचा कुळदेव नव्हता. पण खोटं त्याला चार महिने टोचत होतं आणि टोचणारी गोष्ट काढून टाकायची संधी चालून आली होती.

“तुमच्या सुनंनं दिली,” तो म्हणाला. सांगून झाल्यावर त्याला फार मोकळं वाटलं. त्यानं बिराप्पाला जेवून जायचा आग्रह केला.

पंच पुन्हा बसले. या वेळी बनुबाईला पुढं बसवलं होतं. तिचा बाप मागच्या बाजूला, धोतराच्या सोग्यानं तोंड झाकून. नाथाजी आला नव्हता.

“जित्त्या नवऱ्याला जाळलंस?” थोरल्या पंचानं विचारलं.

“बाळी खोटी हुती,” बनुबाई म्हणाली. “माणूस खरंच मेलाय.”

“बघितलास?”

“न्हाई. तुमी तरी जित्ता बघितलाय?”

लोकांत कुजबुज झाली. पंच हसला; तसा तो रागीट नव्हता. “पोरी, जित्त्याला पुरावा लागत न्हाई. मेल्याला लागतोय.”

“सरकारनं लिवून दिलंय मेला म्हून.”

“सरकार म्हंतंय, आमाला म्हाईत न्हाई, तवा मेला असं धरू,” पंच म्हणाला. “सरकारला लय माणसं हायती. बिराप्पाला येकच. त्यो कसं धरंल?”

बिराप्पा मान खाली घालून बोटानं मातीवर रेघा ओढत होता. सुलाबाई मात्र उठून उभी राहिली. “माझ्या लेकाला जाळून नवा दादला कराया निगाली हुती! हिला सोडू नगासा. त्यो आला, की त्येच्या पायावर घालीन. मंग त्यो ठरवील.”

निकाल सुलाबाईच्या म्हणण्याप्रमाणे लागला. पाट रद्द. बनुबाईनं सासऱ्याच्या घरात राहायचं, सवाष्ण म्हणून राहायचं, आणि अर्जुना येईल तेव्हा तो म्हणेल तसं करायचं. अर्जुना आला नाही तर काय, हे कोणी विचारलं नाही. तो येणार नाही असं धरणं हाच तर गुन्हा होता.

कासाराला बोलावलं. पाच महिने मोकळ्या राहिलेल्या हातांना जुन्या बांगड्यांचं माप बसेना. कासार म्हणाला, एक माप मोठं घेऊ. सुलाबाई म्हणाली, तेच बसवा. त्यानं तेल लावून, अंगठ्याचं हाड दाबून बसवल्या. चार बांगड्या फुटल्या, त्या भरून काढल्या. कुंकू सुलाबाईनं स्वतःच्या अंगठ्यानं लावलं, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी तीच लावू लागली. रुपयाएवढं. कोनाड्यातलं ताटही पुन्हा सुरू झालं.

नाथाजीनं त्या संक्रांतीच्या आत दुसरी बायको केली. हिरवं लुगडं त्यानं मागून नेलं. त्यात गैर काही नव्हतं.

यापुढची चार वर्षं लवकर सांगून होतात. वस्तीवर लग्न निघालं की ओटी भरायला बनुबाईला बोलावत, कारण सवाष्ण मोजताना तिला वगळणं म्हणजे बिराप्पाच्या तोंडावर त्याचा लेक मारणं. पण नवरीला हळद लावायची वेळ आली की कोणीतरी तिच्या हातातली वाटी हळूच काढून घेई, कारण तिनं नवरा जाळला होता. लोकांनी दोन्ही बाजू सांभाळल्या. तिच्या बापानं येणं सोडलं. मेंढ्या तिच्या हाताखाली चांगल्या वीत होत्या. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी खालच्या गावात पेढे वाटले, त्यांतला एक सुलाबाईनं अर्जुनाच्या ताटात ठेवला.

१९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि वस्ती दक्षिणेकडच्या तुकड्यात पडली. त्या हिवाळ्यात मतदारांच्या याद्या करायला घरोघर कारकून फिरू लागले. वस्तीवर आला तो सांगलीचा, विश्रामबागेत राहणारा, पदवी घेतलेला तरुण गृहस्थ होता. डोक्यावर छत्री, पायांत बूट, बुटांत कुसळं. बिराप्पानं त्याला घोंगडी टाकली आणि मेंढीचं दूध तापवायला सांगितलं.

कारकुनानं वही उघडली. “घरात एकवीस वर्षांवरची माणसं सांगा.”

“मी बिराप्पा. ही सुलाबाई. माझा लेक अर्जुना, वय अठ्ठावीस. त्येची बायको.”

“अमक्याची बायको चालत नाही. बाईचं स्वतःचं नाव लागतं.”

बनुबाई दाराशी उभी होती. आपलं स्वतःचं काही लागतं, असं तिला बऱ्याच वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. ती पुढं आली. “बनुबाई.”

“नवऱ्याचं नाव?”

बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात घेतात ते उखाण्यात, तेही ढकलाढकली झाल्यावर. कारकून बिराप्पाकडं बघू लागला, पण उत्तर बनुबाईनंच दिलं.

“अर्जुना,” ती म्हणाली. “मेलाय त्यो. पाच वरसं झाली. लढाईत. सरकारचा कागद हाय पेटीत, आणू?”

सुलाबाईनं दुधाचं भांडं खाली ठेवलं. बिराप्पा शांतपणे म्हणाला, “मेंढरं घिऊन कोकणात गेलाय, सायेब. ह्या दिसांत आमचं गडी घरला नसत्यात. बाकीच्या घरांत बी इचारा.”

बाकीच्या घरांत कारकुनानं विचारलंच होतं. सकाळपासून अकरा घरांतले पुरुष कोकणात गेलेले त्यानं लिहून घेतले होते.

“मग ही असं काय म्हणते?”

“भांडून गेलाय त्यो,” सुलाबाई म्हणाली. “रागाला आल्याली हाय.”

“कागद बघा की!” बनुबाई म्हणाली. ती आत गेली, आणि पेटी उघडल्याचा आवाज आला. पण कागद पेटीत नव्हता. बिराप्पाकडं कागदाला जागा किती होत्या आणि त्यानं तो कधी हलवला, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. ती रिकाम्या हातांनी बाहेर आली.

कारकुनानं तिच्याकडं नीट पाहिलं. तो शिकलेला माणूस होता आणि कोणाच्या सांगण्यावर न जाता डोळ्यांना दिसेल त्यावर विश्वास ठेवायचा, असं त्याला शिकवलेलं होतं. त्यानं कपाळावरचं कुंकू पाहिलं, रुपयाएवढं, सकाळीच लावलेलं. गळ्यातली पोत पाहिली. मनगटात रुतलेल्या हिरव्या बांगड्या पाहिल्या. मग त्यानं दौतीत टाक बुडवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: मेटकरी अर्जुना बिराप्पा, पुरुष, अठ्ठावीस. त्याखाली: मेटकरी बनुबाई अर्जुना, स्त्री, तेवीस.

“बाई,” दुधाचं भांडं हातात घेत तो समजुतीनं म्हणाला, “रुसवेफुगवे होतातच. पण धडधाकट नवऱ्याविषयी असं अभद्र बोलू नये.”

दूध चांगलं होतं. त्यानं आणखी थोडं मागून घेतलं, आणि ते वाढायला बनुबाईच आत गेली.